सोमा मेस्ताचा पंजा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती, ते विचारू नका. आमच्या मोरवेळात विचाराल तर एक आकडा सांगतील, खाडीपलीकडच्या खाजणवाडीत दुसरा. पलीकडच्यांच्या बोलण्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, आणि ते माझ्यावर ठेवत नाहीत. तेव्हा मी सांगतो ते ऐका, पण एकदा त्यांच्याकडूनही ऐकून घ्या.

त्या काळी दोन्ही गावांत मिळून एकच तर होती, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. वल्ही मारून माणसं थकली, तेव्हा गावांनी मिळून मुंबईहून होडीच्या मागे लावायचं एक जुनं आउटबोर्ड मशीन आणलं. त्याला एकावर एक दोन सिलिंडर, आणि प्रत्येकाला पेट्रोल पाजणारा आपला वेगळा कार्बोरेटर. खाऱ्या हवेनं दुसऱ्याच पावसाळ्यात दोन्ही कार्बोरेटर खाऊन टाकले. आता दुसरे आणायचे कुणी? आम्ही आणले तर ते म्हणणार, मशीन तुमचंच झालं. त्यांनी आणले तर आम्ही तेच म्हणणार. शेवटी ठरलं, वरचा आम्ही आणायचा, खालचा त्यांनी. दोन्ही गावांनी कुठून कुठून जुने शोधून आणले. बाहेरून पाहिलं तर अगदी जुळे.

मशीन चालू झालं, पण धड चालेना. हळू चालवलं तर खोकायचं, जोर दिला की मान टाकायचं. मग काय! आम्ही म्हणालो, खालच्यात खोट आहे. ते म्हणाले, वरच्यात. दोन्ही गावांनी धक्क्यावर एकेक राखणदार बसवला, तो मशीनवर कमी आणि दुसऱ्या राखणदारावर जास्त नजर ठेवायचा. वल्ही कुणाकडे ठेवायची यावरही एकमत होईना, म्हणून एक वल्हं आमच्या धक्क्यावर राहिलं आणि एक त्यांच्या.

खाडीच्या मध्यावर एक जुवा आहे, म्हणजे लहानसं बेट. ते ना आमचं, ना त्यांचं. तिथे सोमा मेस्त राहायचा. मशीनचा कारागीर. तांदूळ आमच्याकडून घ्यायचा आणि मासे त्यांच्याकडून, कुणी काही बोलू नये म्हणून. तरी दोन्हीकडे बोलत असत. मशीन बिघडलं की तो बांबूची काठी एका टोकानं मशीनला टेकवी, दुसरं टोक दातांत धरी आणि डोळे मिटी. त्या काठीतून त्याला मशीनच्या पोटातला वाळूचा कणही ऐकू यायचा, असं म्हणतात.

दोन्ही गावांचे पंच मशीन घेऊन त्याच्याकडे गेले. आमचे भाई सारंग आणि त्यांचे आबा तांडेल. सोमानं काठी लावली, ऐकलं.

"खोट खंयच्यातच नाय," तो म्हणाला. "दोनय बरे आसत. पण खालच्याचा भोक बारीक आसा. वरच्याचा पोट भरता आणि खालचो उपाशी रवता. ह्या मशीनात तेलय पेट्रोलातसूनच जाता. जोर दिलास तर खालचो सुको पडान तापतलो, आणि आतल्या आत जाम धरतलो. भोक इल्लासा मोठा करतंय. घटकाभराचा काम."

"आमच्याक हात लावतलस?" आबा तांडेल उसळले. "मगे त्यांच्याकय लाव. जितक्या आमचा घासशीत, तितक्याच त्यांचा."

"बरोबर!" भाई सारंग म्हणाले. दोघांचं एकमत झालं ते आयुष्यात तेव्हाच.

"अरे, दोनय सारखेच घासले तर फरक होतो तितकोच रवतलो मा!" सोमानं कपाळाला हात लावला.

झालं, संशय पक्का. आम्हाला वाटलं, ह्यानं त्यांचं खाल्लंय. त्यांना वाटलं, आमचं. कार्बोरेटरना कुणी हात लावू नये म्हणून दोन्हींवर दोरा बांधला आणि लाखेच्या मोहोरा मारल्या, एक आमच्या देवळाची, एक त्यांच्या. सोमा एवढंच म्हणाला, "मगे मी रोज तरीत बसतलंय. मशीन अडात त्या दिवशी मी थंय आसूक होयो." लोकांना त्याचाही संशय आला. फुकट कोण बसतं?

पुढे आमच्या भाई सारंगांची भाची द्वारका खाजणवाडीत दिली. बारा वर्षांत खाडी ओलांडणारं ते पहिलंच लग्न. लग्न आमच्याकडे लागलं. मुहूर्त कुणाच्या घड्याळाप्रमाणे धरायचा यावर वाद झाला आणि वरात निघायला उशीर. तरीत एकोणीस माणसं बसली, दोन्ही पंच त्यांतच. मध्यावर पोचेपर्यंत ओहोटी लागली.

आमची ओहोटी तुम्ही पाहिलेली नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर समुद्र फुटतो. तिथे गेलेली होडी परत येत नाही. तर हाकणाऱ्यानं मशीनला जोर दिला तसा खालचा सिलिंडर किंचाळला, मशीनचा जोर गेला आणि तर दांड्याकडे ओढली जाऊ लागली. वल्ही? एक या धक्क्यावर, एक त्या धक्क्यावर. बायका रडू लागल्या. पंच ओरडत होते, पण काय? "आमची मोहोर मोडू नको!" आणि "आमचीय मोडू नको!"

सोमानं मोहोर मोडली नाही. त्यानं डावा पंजा खालच्या कार्बोरेटरच्या तोंडावर अर्धा धरला. तोंड झाकलं की वारा कमी जातो आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण लाटेगणिक पंजा जरा उचलायचा, जरा दाबायचा. जास्त दाबला तर मशीन पेट्रोलात बुडतं, कमी दाबला तर उपाशी मरतं. आतून आगीच्या जिभा येत होत्या, तळहाताचं कातडं ओढलं जात होतं. सोमानं हात काढला नाही. मशीन एका आवाजात गायला लागलं आणि तर ओहोटीवर चढली. द्वारका आपल्या शालूचा पदर खाडीत भिजवून त्याच्या मनगटावर पिळत होती. त्या वेळी ओहोटी घटकाभर थांबून राहिली, असं म्हणतात. मला ते पटत नाही. पण एकोणीसच्या एकोणीस माणसं धक्क्याला लागली, हे खरं.

धक्क्याला लागल्यावर काय झालं ते सांगायला मला लाज वाटते, आणि खाजणवाडीवाले तेवढं गाळतात. दोन्ही पंच मशीनवर वाकले आणि त्यांनी आधी मोहोरा तपासल्या.

"शाबूत आसा," भाई म्हणाले.

"आमचीय," आबा म्हणाले, आणि दोघांनी सुटकेचा श्वास टाकला.

"मामा," द्वारका म्हणाली, "मोहोरच बघतलास? तेचो हात बघ आधी."

मग सगळ्यांनी पाहिलं. तो हात पाहून आबा तांडेल मोहोरांपासून मागे सरले. नवरीनं हिरव्या चुड्याच्या हातांनी दोन्ही मोहोरा तोडल्या. सोमानं उजव्या हातानं खालचं भोक घासलं, पंच दोन्ही बाजूंनी मशीन धरून उभे राहिले. खरोखरच घटकाभराचं काम होतं.

सोमाचा डावा हात पुन्हा कधी मिटला नाही. धक्क्याला लागल्यावर त्यानं तो हात ज्यावर टेकला, ते मशीनचं झाकण अजून जुव्यावर ठेवलेलं आहे आणि त्यावर काळा पंजा उमटलेला आहे. रंग दिला तरी तो वर येतो, असं म्हणतात. यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी स्वतः दोनदा रंग दिला. वर येतो.

आता तरीला नवं मशीन आहे, त्याला कार्बोरेटरच नाही. वल्ही मात्र दोन्ही तरीतच असतात. आणि दर नारळी पुनवेला, पहिली खेप सुटण्याआधी, एक माणूस आमचा आणि एक खाजणवाडीचा समोरासमोर उभे राहतात. दोघं डावा हात उघडून एकमेकांना दाखवतात, नीट बघतात, आणि मगच मशीनचं झाकण उघडतात. त्याला सोमाचा हात म्हणतात.

गेल्या वर्षी माझी पाळी होती. समोर खाजणवाडीचा गणू तांडेल आला. पन्नास वर्षं त्याच्या प्रत्येक हालचालीवर माझी नजर आहे. त्याच्या डाव्या करंगळीला वरचं पेर नाही, हे मला त्या दिवशी कळलं.