परवलीचं उंबर

संगणकाला परवलीचा शब्द लागतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. बेहड्याच्या झाडावर धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहायचं. अंडी घालायची वेळ आली तशी धनेशीण ढोलीत बसली आणि त्यांच्या रीतीप्रमाणे तिनं आतून ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेतलं. उरली फक्त चोचीपुरती फट. त्या फटीतून धनेश तिला रोज उंबरं भरवायचा.

एके दुपारी बाहेरून आवाज आला, "अगं, मीच आहे. लिंपणाला तडा गेलाय, साप आत शिरेल! लवकर फोड ते, मी नवं लिंपून देतो."

धनेशीण घाबरली. तिनं चोचीनं लिंपणाचा एक टवका काढलासुद्धा. मग ती थबकली. इतकं घडाघडा बोलणं? तिच्या नवऱ्याची चोच तर येताना नेहमी उंबरांनी भरलेली असायची.

"अहो, आधी उंबर द्या ना," ती म्हणाली.

तशी नवऱ्याचं सोंग घेतलेल्या उदमांजराची नखं खोडावरून खरखरत खाली गेली.

संध्याकाळी फटीतून एक पिकलं उंबर आत आलं.

"आज एक जण फार गोड बोलून गेला हो," ती म्हणाली.

"हं," धनेश भरल्या तोंडानं म्हणाला, आणि त्यानं दुसरं उंबर पुढे केलं.