सिंदीवरची उसवलेली घरटी

पाखरांच्या शाळा झाडांवर भरायच्या, त्या काळातली गोष्ट. सुगरण पक्ष्यांत घरटं विणतो नर. मादी ते चोचीने ओढून पाहते आणि पटलं तरच संसार मांडते. त्यामुळे विणकामाच्या शाळा फक्त मुलग्यांच्या.

ठकू सुगरणीचा मुलगा शाळेच्या वयाचा झाला, तशी तिच्या नवऱ्याची, बळवंतरावांची, झोप उडाली.

"बाभळीच्याच शाळेत घालायचं," ते म्हणाले. "तिथल्या एकाही मुलाचं घरटं आजवर कुणी नाकारलेलं नाही!"

दोघं पाहायला गेली. बाभळीवरची घरटी कशी एका साच्यातली! मुख्याध्यापक म्हणाले, "गाठ मारता येत असेल तरच प्रवेश. आणि विणताना चुकला, की त्याच दिवशी नाव कमी." बळवंतराव खूश झाले.

परतताना विहिरीवरच्या सिंदीची शाळा लागली. तिथे कुठलं घरटं तिरकं, तर कुठलं अर्धवट सोडलेलं. म्हातारे गुरुजी उलटे लटकून एका पोराला सांगत होते, "उसव बाळा, आणि पुन्हा विण."

"शी! काय हा पसारा," बळवंतराव म्हणाले. "चल, इथे पोराचं वाटोळं होईल."

ठकू जागची हलली नाही. "अहो, आपण राहतो ते घरटं तुमचं कितवं हो?"

बळवंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "तिसरं," ते पुटपुटले.

"पाचवं," ठकू हसून म्हणाली आणि गुरुजींकडे वळली, "उद्यापासून पाठवते हं मुलाला."