हौदाचं पाणी मागे सरलं

फकीर हयातशा बाबा कातरखेड्याला मशिदीच्या हौदाकाठी राहत होते, त्या कडक उन्हाळ्यात ही पैज लागली. पैज कशाची, तर कुणाचे हात पाक, म्हणजे पवित्र! अहो, पोरासोरांनी लावावी अशी पैज. लावली मिशीवाल्या दिलावर पाटलांनी!

जैनूभाई गावातल्या मयतांना शेवटची आंघोळ घालायचे. मेल्यावर सगळ्यांना जैनूभाई हवे. जिवंतपणी मात्र कुणी शेजारी बसू देईना. शुक्रवारी ते वजू करायला, म्हणजे नमाजीआधी हात-तोंड-पाय धुवायला, हौदावर आले आणि पाटील कडाडले, "ए जैन्या! मुर्दे धुतलेले हात हौदात? पाणी नापाक करतोस?"

"न्हायला पाणी नव्हतं पाटील. निदान वजू करू द्या."

मशिदीला लागूनच भिकोबा लोहाराचं दुकान. तो भाता सोडून आला. "भांडता कशाला? दोघांनीही हात घाला. ज्याच्या हाताने पाणी बिघडेल, त्याने सगळ्यांसमोर दुसऱ्याचे पाय धुवायचे!"

"लावली!" पाटलांनी मिशीला पीळ दिला. "आणि हा हरला, तर पुन्हा या हौदाला शिवायचं नाही."

जैनूभाईंचा चेहरा उतरला. हौद बंद म्हणजे जुम्म्याची, शुक्रवारची नमाज बंद.

बाबा म्हणाले, "पैज लावणं वाईटच. पण लावलीत ना? आता पाण्यालाच बोलू द्या."

जैनूभाईंनी बिस्मिल्ला म्हणून हात बुडवले. पाणी होतं तसंच नितळ. उलट हौदातले मासे येऊन बोटांशी खेळू लागले!

"गुदगुल्या होतात का हो?" भिकोबा हसला.

मग पाटलांनी अत्तर लावलेला हात घातला, आणि पाणी मागे सरलं! ते हौदात उतरले, हात पुढे नेला, पाणी आणखी मागे. बघता बघता हौदातलं सगळं पाणी पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीसारखं उभं राहिलं, आणि पाटील कोरड्या फरशीवर! भिकोबाच्या हातातला चिमटा खणकन पडला.

इतक्यात अजान झाली. पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीवर हात मारून तोंड-हात पुसले तरी चालतं. पाटलांनी वर येऊन काठावरच्या मातीवर हात मारला. मातीसुद्धा बाजूला सरली, खालचा खडक उघडा पडला!

"बाबा, हे काय?" पाटील बाबांकडे धावले.

बाबा म्हणाले, "मंगळवारी जैनू तुझ्या विहिरीवर कशाला आला होता?"

"फातमाबीच्या मयताला पाणी मागायला."

"तू काय म्हणालास?"

पाटलांची मान खाली गेली. "म्हटलं, मुर्द्यासाठी विहीर बाटवणार नाही."

"मग त्याने घरातला प्यायच्या पाण्याचा माठ रिता केला. लेकरं दोन दिवस शेजारच्या ताकावर राहिली. दिलावर, मयताला तू पाणी नाकारलंस. आज पाण्याने तुला नाकारलं."

पाटील ढसाढसा रडले. "आजपासून विहीर सगळ्यांची, बाबा! मला नमाजीला मुकवू नका!"

"ते पाण्याला सांग. आणि आधी पैज." बाबांनी आपला पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाटील गुडघ्यांवर बसले. जैनूभाईंनी पाय आखडले, "नको हो पाटील, तुम्ही मोठे..."

"पाय पुढे करा!" भिकोबा ओरडला. "पैज म्हणजे पैज!"

पाटलांनी दोन्ही हातांनी ते भेगाळलेले पाय धुतले, अगदी बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. ते पाणी जैनूभाईंच्या पायांसाठी होतं, ते सरलं नाही. तांब्यातला शेवटचा थेंब पडला, आणि हौदाचं पाणी हळूहळू परत आलं, पाटलांच्या हातांपर्यंत!

पाटील बाबांपुढे वाकले. बाबा मात्र बाजूला झाले. समोर उरले ओल्या पायांचे जैनूभाई. पाटलांनी क्षणभर पाहिलं, आणि तिथेच आणखी खाली वाकले.