सौ. राधा

“सापडली का माई, एखादी तरी चूक?”

माई नुसती पानं उलटत राहिल्या.

एके काळी त्या हेमांगीच्या शाळेत मराठीच्या बाई होत्या. आता नदीकाठच्या मठात राहायच्या. शिकवणं सुटलं होतं, चुका काढणं सुटलं नव्हतं. आणि आपल्या वहीत चूक असूच शकत नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकायला हेमांगी आली होती.

घराण्याच्या जुन्या फोटोंची वही. वर्षभर खपून प्रत्येक फोटोखाली नाव, गाव, साल, सवयी... तेही सोनेरी शाईनं, चिठ्ठ्या चिकटवून. रविवारी साठ नातेवाईक जमणार होते. वही तेव्हा उघडायची होती.

माईंचं बोट थांबलं.

“ही कोण?”

“आजी. लग्नातली. शेजारची पण आजीच, बाबांना मांडीवर घेऊन. दोन्हींच्या मागे आजोबांच्या अक्षरात ‘सौ. राधा’ आहे. पुराव्याशिवाय मी काही लिहीत नाही, माई.”

“मग लग्नातलं हनुवटीवरचं गोंदण इथं कुठं गेलं?”

“स्टुडिओवाल्यानं पुसलं असेल. पुसायचे तेव्हा.”

“आणि नाक नवीन बसवलं?”

हेमांगी हसायला गेली. हसू अर्ध्यातच राहिलं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन नाकं काही एक होईनात.

“पहिली बायको गेली असेल,” माई म्हणाल्या. “दुसरी आणली. नाव तेच ठेवलं. घरातल्यांच्या जिभेला त्रास नको.”

“असं कुठं असतं?”

“माझ्या आत्याचं असंच केलं होतं.”

माईंचं बोट दुसऱ्या फोटोखाली सरकलं.

“खाली काय लिहिलंयस? वाच.”

“‘आजीला कमी ऐकू यायचं.’”

“दूध उतू जाताना ऐकू यायचं का?”

“ते माजघरातून ऐकायची.”

“मग?”

“हाक ऐकायची नाही. आजोबांची बहीण ‘राधे, राधे’ करून दमायची. चौथ्या हाकेला आजी वळायची. ते पण असं, की दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारलीय...”

हेमांगी उठली. बसली. पर्स उघडली, बंद केली. मोबाइल काढला. फोन करून विचारावं असं जुनं कुणी उरलंच नव्हतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

“पन्नास वर्षं, माई! आणि आम्ही तिला बहिरी म्हणत होतो... तिचं स्वतःचं नाव काय होतं? तिथं लिहू काय आता? परवा रविवार आहे हो!”

माईंनी वही जवळ ओढली. मूल मांडीवर घेतलेल्या बाईच्या फोटोखाली ‘सौ. राधा’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. माईंनी तिच्याखाली नख घातलं.

चर्र...

चिठ्ठी निघाली. तिच्यासोबत कागदाचा पापुद्राही.

“अहो माई, पान सोललं!”

खरखरीत पांढरा चट्टा उघडा पडला होता. हेमांगीनं घाईघाईनं त्यावर तळहात ठेवला.

माईंनी तो हात हळूच उचलून बाजूला केला.

“काही लिहू नकोस. इथं बसू दे तिला.”