खडकाईची कमान

फार जुन्या काळी खडकाई नावाचा एक डोंगर होता. डोंगर हीच देवी, म्हणून लोक पायथ्याशी चपला काढत आणि वरचा एक खडाही घरी नेत नसत.

एका वर्षी गावानं देवीसाठी मोठी कमान बांधायला घेतली. दगड हवा म्हणून डोंगराच्याच पाठीत पहारी घातल्या. तिथं राहणाऱ्या साळूचं बीळ ढासळलं. अंगावरचे काटे फुलवून ती देवबा पुजाऱ्यापुढे उभी राहिली.

"अरे, देवीलाच फोडताय! लाज कशी वाटत नाही?"

"शिव शिव! आम्ही दगड घरी नेतोय का?" देवबा म्हणाला. "देवीचं देवीलाच वाहतोय. आणि बघ, सगळे अनवाणीच खणतायत."

कमानीनंतर ओवऱ्या झाल्या, दीपमाळ झाली, भलंमोठं फरसबंदी अंगण झालं. वर्षं लोटली. एका जत्रेला लोकांनी चपला काढल्या, अंगण ओलांडलं आणि हात जोडून माना वर केल्या. समोर नुसतं आभाळ होतं.

"देवी कुठं गेली?" म्हातारा देवबा गांगरला.

"अनवाणी आलात ना सगळे?" साळू कडाडली. "मग पायांना कळलं नाही? तिलाच तुडवत आलात!"