लोण्याच्या झाडांखालची हाक

समुद्रापलीकडे, आफ्रिकेत, एक देश नुकताच स्वतंत्र झाला होता. तिथल्या नियोजन खात्यात मेजावर विकासाचा छोटा देखावा मांडला होता: मातीची शेतं, लाकडी ट्रॅक्टर, पुठ्ठ्याची गिरणी. खात्यात नव्याने लागलेली एक मुलगी तो पाहायला वाकली आणि चपापली. शेतं तिच्याच गावची होती, पण त्यांत एकही झाड नव्हतं.

ती मुलखाची भित्री. दार आपटलं तरी दचकायची. तरी तिने देखावा दाखवणाऱ्या मंत्र्यांना विचारलं, "साहेब, आमची लोण्याची झाडं कुठंयत?"

"झाडं?" मंत्री हसले. "ट्रॅक्टरने काय झाडाझाडाला प्रदक्षिणा घालायच्या? सरळ नांगरट, भरपूर कापूस! झाडं उद्याच पडतील."

सगळे हसले. मुलीला राग आला. ती झाडं कुणी लावत नसे, कुणी तोडतही नसे. बाया त्यांच्या बिया वेचत, कुटून-उकळून लोण्यासारखं तेल काढत. त्यावरच गावातली घरं चालत. ती शिकली होती तीही त्यावरच.

"गावातल्या बायकांना विचारलंत?"

"गोरे साहेब गेले. आता राज्य आपलंच. आपल्याच माणसांना काय विचारायचं?"

"गोरे साहेबही विचारत नव्हते!" ती बोलली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली.

दुसऱ्या दिवशी मिळेल त्या लॉरीने तिने गाव गाठलं. 'आडवं येईल तो तुरुंगात,' अशी दवंडी पिटली होती, त्यामुळे बाया दारं लावून बसल्या होत्या. मुलगी एका झाडाला पाठ लावून उभी राहिली. झाडं पाडायला आलेल्या ट्रॅक्टरचा भोंगा वाजला तशी जागच्या जागी उडाली, पण हलली नाही.

मग तिला गावची रीत आठवली. बिया वेचायला निघताना पहिली बाई हाक घाली, आणि दुसरीची ओ आली की मगच झाडांत पाऊल टाकायचं. साप-किरडांच्या वाटेने एकटीने जायचं नाही.

"येताय का गंऽऽ?" तिने हाक घातली. इंजिनाच्या घरघरीत ती विरून गेली.

"एकटीच्या ओरडण्याने देशाची योजना थांबते होय?" ट्रॅक्टरमागून जीपने आलेले मंत्री गरजले. "चालव रे!"

ट्रॅक्टरवाल्याने उलट इंजिनच बंद केलं. "ऐकू तर जाऊ द्या, साहेब. माझी आईपण अशीच हाक घालायची."

रान चिडीचूप झालं. मुलीने फाटक्या आवाजात पुन्हा हाक घातली. दारं बंदच राहिली. तिचे डोळे भरून आले.

आणि मग अंगणातल्या एका कणगीमागून एका बाईची ओ आली, "आले गंऽऽ!" तशी एकेक दार उघडलं आणि बाया झाडांकडे निघाल्या.

तात्पर्य काय, तर ज्यांच्या नावाने योजना आखली त्यांनाच न विचारणारा राज्यकर्ता आपला असला तरी परकाच.