शेवटची ओळ तेवढी तुझी

लहानांनो, आणि लहानांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, कागद हाताने कुटून करायचे त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात लेखभांडार होतं. कुणीही आपल्या कसबावर लेख लिहून तिथे न्यावा. पसंत पडला की त्याच्या शंभर नकला व्हायच्या आणि घोडेस्वार त्या शंभर गावांत पोचवायचे!

नदीकाठच्या एका रंगारणीचा सारा जीव त्या भांडारात अडकला होता. नवा रस्ता पलीकडून गेल्यापासून तिच्या रंगशाळेकडे कुणी फिरकत नव्हतं. लग्नसराईच्या आत नाव गावोगाव झालं नाही, तर आईने उभारलेली रंगशाळा बंद करावी लागणार होती.

तिने झोकात लेख लिहिला. ‘आमच्यासारखा लाल रंग त्रिभुवनात नाही! आजच या!’ मध्ये मध्ये पत्ता.

भांडाराचे म्हातारे प्रमुख लेखावर स्वतः निकाल देत नसत. दारातल्या विहिरीवर जो पाणी प्यायला येई, त्याला ते लेख वाचून दाखवत आणि विचारत, “काय मिळालं?” तिथली रीतच ती. त्या दिवशी एक माळी आला होता.

“पत्ता मिळाला,” माळी म्हणाला. “चारदा.”

रंगारीण रडकुंडीला आली. “आजोबा, मग माझं नाव घालू तरी कुठे?”

“शेवटची ओळ तुझी, पोरी. बाकीच्या सगळ्या वाचणाऱ्याच्या.”

तिने पुन्हा लिहिलं. कापड तुरटीच्या पाण्यात भिजवा, मग मंजिष्ठेच्या मुळांबरोबर मंद आचेवर ठेवा. पण त्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं असतं, ते तिने मुद्दाम गाळलं. तेवढी खुबी आपल्यापाशी असू दे, म्हणाली.

माळी हौशी गडी. त्याने हाही लेख ऐकला, तसंच करून पागोटं रंगवलं आणि आठ दिवसांनी विहिरीवर आला, तो घामाने रंग सुटून कपाळ, कान, मान सगळं गुलाबी! रंगारणीला हसू आवरेना, आणि लगेच लाजही वाटली. लेख परत मिळाला.

आता लग्नसराई तोंडावर आली होती. हिरडा लिहिला तर आपल्या हाती उरणार काय? भीती वाटत होती, तरी तिने एका बैठकीत सगळं लिहून काढलं. हिरडा किती, आच केवढी, पाणी उकळलं तर रंग कसा काळवंडतो तेही. शेवटच्या ओळीत फक्त नाव आणि गाव.

माळ्याने पागोटं पुन्हा रंगवलं. सगळ्यांदेखत विहिरीवर तीनदा खळखळून धुतलं. पाणी नितळच!

“मिळालं! मिळालं!” तो पागोटं नाचवत ओरडला. प्रमुख ताडकन उठले. “नकला करायला घ्या रे! घोडे काढा!”

शंभर गावांनी तो लेख वाचला. घरोघर लोकांनी हौसेने कापड रंगवून पाहिलं, आणि असा रंग चढायला किती कष्ट पडतात ते त्यांना स्वतःच्या हातांनी कळलं. मग लग्नाचे शालू घेऊन ते नदीकाठची वाट विचारत निघाले. इतके आले, इतके आले, की रंगारणीला नव्या सात कढया चढवाव्या लागल्या.

तात्पर्य : आपल्याजवळचं चांगलं ते हातचं न राखता द्यावं, घेणारा देणाऱ्याचा पत्ता आपणहून शोधत येतो.